दोन हुकलेले फ्री थ्रो

नोव्हेंबर लागला की सईच्या शाळेच्या जिममध्ये तो आवाज सुरू होतो. बुटांचे रबरी तळवे लाकडी जमिनीवर घासल्याचा, चिरकणारा, दात शिवशिवायला लावणारा. सई आता सतराची आहे, शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. मॅचच्या दिवशी मी कामावरून थेट तिथे जाते आणि पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर बसते. अंगात जाडजूड जॅकेट, मांडीवर तिचा डबा, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं. बाकीचे आईबाप ओरडतात, टाळ्या वाजवतात. मला जमत नाही. त्यातून कुणी फ्री थ्रोला उभं राहिलं की मी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरते. समोरच्या टीमने काही आगळीक केली की हा मिळतो. खेळ थांबतो, सगळ्या मुली बाजूला होतात आणि एकटी मुलगी कड्यात टाकायला चेंडू घेऊन रेषेवर उभी राहते. तिला कुणी अडवायचं नसतं. मदतीलाही कुणी यायचं नसतं. परवा गाडीत सई म्हणाली, "मॉम, यू ऑल्वेज लुक सो स्केअर्ड. इट्स जस्ट अ गेम." मी म्हटलं, अगं, थंडी वाजते मला तिथे.

थंडीचं कारण खोटं होतं. तो आवाज आला की मला नऊ वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो.

नागपूरहून विंडसरला येऊन आम्हाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सतीश गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होता आणि तिथे दर आठवड्याला कपातीच्या नव्या बातम्या उठत. मी फिजिओथेरपिस्ट. डिग्री होती, सात वर्षांचा अनुभव होता, पण इथलं लायसन्स नव्हतं. परीक्षा व्हायच्या होत्या. तोवर एका पुनर्वसन केंद्रात मी असिस्टंट म्हणून काम करत होते. नागपुरात ज्या गोष्टी मी दुसऱ्यांना शिकवायचे, त्या इथे दुसऱ्यांनी सांगितल्यावर करायच्या. सकाळी सरहद्दीवरच्या नदीकाठाने बस जायची. पलीकडे डेट्रॉईटच्या इमारती वाफेत उभ्या असायच्या, मधल्या काळ्या पाण्यावरून बर्फाचे तुकडे संथ वाहत जायचे. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने माझ्या बुटांवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. कितीही पुसल्या तरी दुसऱ्या दिवशी हजर.

मेंडेल कागन खुब्याचं हाड मोडून आमच्याकडे आले. वय एकोणनव्वद. माणूस इतका उंच की पलंगाच्या टोकाला पाय टेकायचे. पहिल्या दिवशी वॉकरवर पकड कशी घ्यायची ते दाखवायला मी त्यांचा उजवा हात हातात घेतला, तर करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेलं. संधिवाताचं नव्हतं ते. मोडून तसंच जुळलेलं होतं.

"हे कधी मोडलं?" मी विचारलं.

"तुझी आई जन्मायच्या आधी."

"कुणी नीट बसवलं नाही?"

"एकाने पट्टी बांधली होती," ते म्हणाले. "चांगली बांधली होती. पण नंतर तो म्हणाला, मी बांधलीच नाही."

मग ते उठले आणि आम्ही चार पावलं चाललो. पुढची गोष्ट त्यांनी तशीच सांगितली, दिवसाला चार-पाच पावलं.

त्यांचे वडील भंगारवाले. पोलंडहून आलेले, इंग्रजी मोडकंतोडकं. घरामागे लोखंडाचा ढीग आणि त्या ढिगातल्याच एका पिंपाच्या कड्यात मेंडेल लहानपणी चेंडू टाकायचे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत ते इथून दोन-तीन तासांवरच्या एका छोट्या कॉलेजात गेले. त्या कॉलेजच्या टीममध्ये त्यांच्याआधी एकही ज्यू मुलगा खेळला नव्हता. त्यांना घेतलं ते उंचीमुळे, आणि फ्री थ्रो सहसा चुकत नाही म्हणून. बाहेरगावी मॅच असली की प्रेक्षकांतून त्यांच्या नाकावरून, आडनावावरून आवाज यायचे. एका गावात टीम ज्या हॉटेलात उतरायची तिथे ज्यूंना खोली नव्हती. टीम आत गेली, मेंडेल बसमध्ये झोपले. एकटे नव्हे. वॉल्टर नावाचा टीममधला मुलगा आपली चादर घेऊन बसमध्ये आला. "तो माझा मित्र होता," मेंडेल म्हणायचे, आणि चालता चालता थांबायचे. त्यांना दम लागला आहे की त्या शब्दावर पाय अडकला आहे, हे मला कळायचं नाही.

वडिलांनी त्यांचा खेळ कधी पाहिला नव्हता. मॅच बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी असायच्या आणि शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू, शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा विश्रांतीचा पवित्र दिवस. मी त्यांना आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांबद्दल सांगितलं. घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू. ते इतके खूश झाले की वॉकर सोडून टाळी वाजवायला गेले, मी कसंबसं सावरलं. "शनिवारी सुट्टी घेणारे तेली! माझ्या बापाला आवडले असते."

तिसऱ्या वर्षाची शेवटची मॅच मात्र शनिवारी रात्री होती. वडील आले. डोक्यावर हॅट घालून सगळ्यात वरच्या बाकावर बसले. पहिल्या भागात मेंडेल पडले आणि बोट मोडलं. हाफटाइमला जिन्याखालच्या अंधारात वॉल्टरने त्यांना पट्टी बांधली. मेंडेलनी त्याला शपथ घातली की कोचला सांगू नकोस, मला बाहेर बसवतील, माझा बाप आलाय. कोर्टवर जाताना पंचाला दिसू नये म्हणून पट्टी सोडून टाकली. शेवटच्या काही सेकंदांत टीम एका गुणाने मागे होती आणि मेंडेलना एकेक गुणाचे दोन फ्री थ्रो मिळाले.

दोन्ही हुकले.

सोमवारपर्यंत गावभर झालं होतं. ज्यू पोरगा, डेट्रॉईटला त्याचे नातेवाईक, तिथे मॅचवर पैसे लागतात, खाल्लेच असणार. कोचने बोलावून विचारलं. मेंडेलनी बोट दाखवलं. कोच म्हणाला, हे मॅचनंतरही झालेलं असू शकतं. मेंडेल म्हणाले, वॉल्टरला विचारा. वॉल्टरला बोलावलं. वॉल्टर म्हणाला, मला काही माहीत नाही.

"कोच वाईट माणूस नव्हता," मेंडेल म्हणाले. "म्हणाला, गप्प राहा, वर्षभर खेळू नकोस, लोक विसरतील." ते गप्प राहिले. पुढच्या वर्षी वॉल्टर कॅप्टन झाला. मेंडेल परीक्षा देऊन घरी आले, वडिलांच्या भंगारात हात घातला आणि पुन्हा कधी खेळले नाहीत.

"वडील काय म्हणाले?"

"त्या रात्री परत येताना ट्रकमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, हात दुखतोय का? तेवढ्या सगळ्या लोकांत त्यांना एकट्याला दिसलं होतं. पण बापाची साक्ष कोण धरतं?"

ख्रिसमसच्या सुमाराला मेंडेल घरी गेले. नदीकाठच्या एका उंच इमारतीत ते एकटेच राहत. आणि जानेवारीत माझ्यावर तशीच वेळ आली.

आमच्याकडे पाय लटपटणारा पेशंट चालवताना त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि तो आपण धरून चालायचं, असा नियम. त्या सकाळी हेदर, म्हणजे मी जिच्या हाताखाली होते ती थेरपिस्ट, एका बाईंच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "आज पट्टा नको. त्यांना स्वतःवर विश्वास येऊ दे." मी पट्टा काढून खुर्चीवर ठेवला. दहाव्या पावलाला बाहेर कुणाच्या हातून ट्रे पडला, बाई दचकून वळल्या आणि माझ्या हातातून निसटल्या. मनगट मोडलं. तो हाडाचा आवाज मी अजून विसरले नाही. दुपारी रिपोर्ट लिहिला गेला. त्यात हेदरने लिहिलं होतं, असिस्टंटला पट्टा वापरायची सूचना दिलेली होती.

चौकशी होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलं. लायसन्ससाठी त्याच केंद्राचं शिफारसपत्र लागणार होतं.

त्या सकाळी बाईंच्या खोलीत आणखी एक जण होती. ग्रेस. फिलिपिन्सहून आलेली, पेशंटना अंघोळ घालणारी, कपडे बदलणारी. पडद्यापलीकडे ती चादर बदलत होती. तिने ऐकलं असणार. पण तिचे कायमच्या वास्तव्याचे कागद अजून अडकलेले होते, दोन मुलं तिकडे आजीजवळ होती. तिला कशी ओढू मी यात?

"सॉरी म्हण, वॉर्निंग घे आणि विषय संपव," सतीश म्हणाला. "लायसन्स हातात पडेपर्यंत मान खाली घालून राहायचं असतं, मीनल."

"मी केलंच नाही ते, तर सॉरी कशाला म्हणू?"

"तुझ्या शब्दासमोर तिचा शब्द. कुणाचा मानतील?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या कारखान्यात त्याच आठवड्यात अकरा जणांची टेबलं रिकामी झाली होती. आम्ही दोघं सई समोर असली की हवापाण्याबद्दल बोलायचो. आठ वर्षांची पोर, तिला सगळं कळत होतं. ती न सांगता गृहपाठ करायची आणि ताटातली कारल्याची भाजीही संपवायची. तिचं ते शहाण्यासारखं वागणं मला पाहवत नसे.

आजही फोन वाजला आणि नंबर अनोळखी असला की मी तो लगेच उचलत नाही. तेव्हाचे ते तीन आठवडे केंद्राच्या फोनची वाट पाहण्यातच गेले. सकाळी सई शाळेत गेली की घर तापवणाऱ्या भट्टीच्या घरघरीने सगळं भरून जायचं, बेसमेंटमधून गरम हवा वर यायची, आणि मी ड्राइव्ह-वे शोव्हल करायला, म्हणजे दारासमोरचा बर्फ फावड्याने उपसायला बाहेर पडायचे. बर्फ नसला तरी. घरात बसवत नव्हतं. मग मी मेंडेलकडे जाऊ लागले. ते आता केंद्राचे पेशंट नव्हते आणि मी घरी बसवलेली. आम्ही त्यांच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचो. चालता चालता मी त्यांना पट्ट्याचं, ग्रेसचं, सगळं सांगितलं. त्यांना वॉकर सोडून काठीवर यायचं होतं. घाई होती त्यांना. का, ते एक दिवस त्यांनी सांगितलं. वॉल्टरच्या मुलीचं पत्र आलं होतं. बाबांना तुम्हाला भेटायचं आहे, फार दिवस नाहीत.

"त्याच्यासमोर मी चाकाच्या खुर्चीत बसून जाणार नाही," मेंडेल म्हणाले.

"काय विचारणार त्यांना?"

"एकच. तुला माहीत होतं की नाही?"

माझी चौकशी शुक्रवारी होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी मी त्यांना गाडीत घालून वॉल्टरकडे निघाले. सतीशला सांगितलं तर तो नको म्हणेल म्हणून सांगितलं नाही. हायवेवर पहिला तास बरा गेला, मग बाजूच्या मोठ्या तळ्यावरून वाऱ्याने बर्फाचा पडदा आणला आणि समोरचं सगळं पुसून टाकलं. आकाश, रस्ता, शेतं, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे तेवढे दिसत होते. ते कधी विरायचे, कधी अंगावर आल्यासारखे जवळ दिसायचे. मी स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की बोटं बधिर झाली. वायपरवर बर्फ साचून ते काचेवर ठोके देत होते.

"परत फिरू या?" मी विचारलं.

"कुठून फिरशील?" ते शांतपणे म्हणाले. "वळण तरी दिसतंय का?"

तीन तासांनी पोचलो. वॉल्टरची मुलगी, साठीची बाई, दाराशीच उभी होती. मेंडेलचा कोट घेताना तिने खालच्या आवाजात सांगितलं की ऑक्टोबरमध्ये बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. "पत्रात लिहिलं नाही मी. लिहिलं असतं तर तुम्ही आला नसता."

मेंडेल काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता पडतील. मी त्यांच्या मागे सरकून हात पुढे केले. ते पडले नाहीत. आत चालत गेले. मी पावलं मोजत होते, सवयच ती. बावीस.

वॉल्टर खिडकीशी खुर्चीत होते. लहानसा सुकलेला माणूस, मांडीवर शाल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंतीआड कुठेतरी वॉशिंग मशीन फिरत होतं.

"तुला माहीत आहे मी काय विचारायला आलोय," मेंडेल म्हणाले.

वॉल्टरचे ओठ हलले. घशातून एक लांबट आवाज आला, त्याचा शब्द होईना. मुलीने विचारलं, "पाणी हवंय, बाबा?" पुन्हा तसाच आवाज. "उशी सरकवू?" त्यांनी डोळे मिटून घेतले. मेंडेलनी मान हलवली आणि ते जायला वळले.

तेव्हा वॉल्टरनी डाव्या हाताने त्यांचा हात पकडला. ओढून मांडीवर घेतला. बोटं चाचपली, वाकडं बोट सापडलं. मग शर्टाच्या खिशातला रुमाल काढला, ते बोट शेजारच्या मधल्या बोटाला जुळवलं आणि त्या दोघांभोवती रुमाल गुंडाळू लागले. मोडक्या बोटाला शेजारच्या चांगल्या बोटाचा आधार देऊन असंच बांधतात. मी शेकडो वेळा बांधलं आहे. एका हाताने ते जमत नव्हतं. रुमाल पुनःपुन्हा घसरत होता. मी पुढे झाले.

"नको," मेंडेल म्हणाले. "त्याला बांधू दे."

चार वेढे झाले. शेवटचं टोक वॉल्टरनी आपल्या अंगठ्याखाली दाबून धरलं, कारण गाठ मारायला दुसरा हात नव्हता. त्यांचे डोळे वाहत होते, नाकही वाहत होतं, आणि पुसायला रुमाल नव्हता.

"बाबा हे काय करताहेत?" मुलीने मला विचारलं.

उत्तर मेंडेलनी दिलं. "हाफटाइमला याने मला पट्टी बांधली होती. तेच करतोय."

परतताना बर्फ थांबला होता. मेंडेलनी हातावरचा रुमाल बराच वेळ तसाच ठेवला होता. मी विचारलं, "समाधान झालं?"

"नाही," ते म्हणाले. "सगळ्या गावाने त्याचं 'माहीत नाही' ऐकलं. हे एका खोलीत तिघांनी पाहिलं." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या त्या ग्रेसला तू विचारलंस?"

"नाही. तिचे कागद अडकले आहेत. तिला भीती वाटेल."

"मग तूच ठरवून टाकलंस, ती काय करणार ते."

दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या मागच्या दाराशी ग्रेसची वाट पाहत थांबले. म्हटलं, मी शुक्रवारी तुझं नाव घेणार आहे. तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी काही धरणार नाही मनात. हे शेवटचं वाक्य खोटं होतं आणि तिलाही ते कळलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "ओके," म्हणाली आणि बसकडे चालू लागली. ते ओके होकाराचं की फक्त ऐकल्याचं, याचा विचार करत मी दोन दिवस घालवले. गुरुवारी पोळ्या करताना तवा इतका तापला की घरात धूर झाला, अलार्म वाजला आणि सई रडायला लागली. त्या गोंधळात सतीशने गॅस बंद केला, मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "ठीक आहे. खरं तेच सांग. जे होईल ते बघू."

शुक्रवारी एका लांब टेबलाशी मॅनेजर होत्या, कागद लिहून घेणारा एक माणूस होता आणि समोर हेदर. मी घडलं तसं सांगितलं. इंग्रजीत व्याकरण चुकत होतं, तरी सांगितलं. हेदर म्हणाली, मला असं काही बोलल्याचं आठवत नाही. मी ग्रेसचं नाव घेतलं. तिला बोलवायला माणूस गेला आणि यायला वेळ लागला. दहा मिनिटं. पंधरा. मॅनेजरनी घड्याळाकडे पाहिलं. हेदर आपल्या पेनचं टोपण उघडत-लावत होती. माझ्या मनात फक्त रेषेवर उभा असलेला एक उंच मुलगा होता, आणि वरच्या बाकावरची हॅट.

ग्रेस आली. तोंडावर पाणी मारलेलं, केस कपाळाला चिकटलेले. बसली नाही. "मी ऐकलं," ती म्हणाली. "ती म्हणाली, आज पट्टा नको. मी चादर बदलत होते."

हेदरने टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं. शेवटी तीच म्हणाली, "कदाचित मी म्हणाले असेन."

कुणाला शिक्षा झाली नाही. रिपोर्ट दुरुस्त झाला, मी सोमवारी कामावर गेले. हेदर आणि मी आणखी दीड वर्ष शेजारी शेजारी काम केलं. गुड मॉर्निंगच्या पलीकडे फारसं बोललो नाही, पण माझं शिफारसपत्र तिनेच लिहिलं आणि ते चांगलं लिहिलं. ग्रेसचे कागद वर्षभराने आले. वॉल्टर मार्चमध्ये गेले. मेंडेल त्यानंतर दोन हिवाळे होते.

चौकशीचा निकाल सांगायला मी मेंडेलना फोन केला, तर त्यांनी निकाल विचारलाच नाही. म्हणाले, "ती बोलली?" हो म्हटल्यावर म्हणाले, पुढच्या शुक्रवारी तिला जेवायला घेऊन ये.

आम्ही गेलो तेव्हा सूर्य नदीवर उतरत होता. त्यांनी शब्बाथच्या दोन मेणबत्त्या लावल्या, पुटपुटत काही म्हटलं. ते त्यांच्या बायकोचं काम, ती गेल्यापासून आपण करतो, असं सांगितलं. कोंबडीचं सूप होतं, त्यात पिठाचे गोळे. ग्रेस संकोचून खुर्चीच्या कडेवर बसली होती. मेंडेल तिच्याकडे वळले.

"तुला भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

ग्रेसने चमचा खाली ठेवला. "वाटली ना. ते बोलवायला आले तेव्हा मी वॉशरूममध्ये ओकत होते. मग तोंड धुतलं आणि आत गेले."

मेंडेलनी दुसऱ्या हाताने आपलं वाकडं बोट चाचपलं. खाली रस्त्यावरून बर्फ काढणारा ट्रक खरवडत गेला.

"वॉल्टरही घाबरला असेल," ते म्हणाले. "वीस वर्षांचा तर होता." आणि मग, जणू स्वतःलाच, "मी कधी तसा विचार केला नाही."

ते टेबलाला धरून उठले. मी वाढते म्हणून हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. सुपाची मोठी पळी भरून त्यांनी ग्रेसच्या वाडग्यात ओतली. पळी कलली, बरंचसं सूप पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडलं. आमच्यापैकी कुणीच ते पुसायला उठलं नाही.